साडेएक

आमच्या फ्रिजवर एक तक्ता होता. माझा रकाना निळा, नवऱ्याचा हिरवा, लेकीचा केशरी. मी हॉस्पिटलात वयस्कर पेशंटांच्या वॉर्डात नर्स, नवरा गोदामात दुपारपाळीला, लेक सात वर्षांची. इकडे परदेशात, माउंट रॉस्किलच्या त्या भाड्याच्या घरात आम्हां तिघांची गाठ पडायची ती बहुतेक त्या तक्त्यावरच. वेळा मी वॉर्डातल्या सवयीने चोवीस तासांच्या लिहायचे, १३:३०, १७:१५ अशा. मैत्रिणी आल्या की म्हणायच्या, कसं गं जमतं तुला हे सगळं! आणि मीही मेली फुशारून जायचे.

आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली, ती मदतीलाच. पहिल्याच सकाळी चष्मा लावून तक्त्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझा रकाना कुठाय?" मी घाईघाईने एक कागदाची पट्टी चिकटवली. शाळेतून आणणं, खायला देणं, कपडे वाळत घालणं.

"आणि नातीशी बोलायचं कधी? तेवढं राहिलं बघ."

थट्टेतच म्हणाली. मी हसले आणि कामावर गेले.

बोलण्याचीच तर पंचाईत होती. लेकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. आईला इंग्रजीचा गंध नाही. शाळेतून घरापर्यंत दोघी मुक्याने चालत यायच्या. एकदा पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "पोर गोड आहे गं, पण तिच्या लेखी मी पाहुणीच." तिचे डोळे भरले होते. जाण्याआधी नातीच्या तोंडून चार मराठी शब्द ऐकायचे, एवढंच तिला हवं होतं. "होईल गं हळूहळू," मी म्हटलं. माझ्या घरात हळूहळू काहीच होत नव्हतं, ते सोडा.

मग तो शनिवार. मी सँडरिंगहॅमच्या दुकानांतून वाणसामान घेऊन आले, दोन्ही हातांत पिशव्या, किल्ली दातांत. एक वाजून गेला होता आणि दीडला लेकीचा पोहण्याचा क्लास. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. फ्रिजसमोर आई खुर्चीवर आणि लेक तिच्या मांडीला टेकून उभी. आई १३:३० वर बोट ठेवून विचारत होती, "हे तेरा काय गं बाई? तेरा कुठं वाजतात का?"

आणि लेक म्हणाली, "आजी, तेरा म्हणजे एक. ते साडेएक."

मराठीत! अख्खं वाक्य!

"साडेएक होय! बरं बाई, साडेएक." आईचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

आणि मी काय केलं? पिशव्या आपटल्या आणि खो खो हसले. "साडेएक काय गं येडे? दीड म्हणतात, दीड! आई, तू पण? चुकीचं काय शिकवतेस तिला? चला चला, टॉग्ज कुठायत, उशीर झालाय." पोहायचे कपडे पिशवीत कोंबले आणि तिला दंडाला धरून गाडीत बसवलं. ती लाल झाली होती. आरशात मला दिसत होतं.

संध्याकाळी आई शांतपणे म्हणाली, "आठवडा झाला, बोलत होती ती माझ्याशी. तुला दाखवणार होतो आम्ही."

"अगं, पण चुकीचं कसं चालेल?"

"दुरुस्त करायला जन्म पडला होता गं."

मी युनिफॉर्मला इस्त्री करायला घेतली.

त्यानंतर लेक मराठी एक शब्द बोलली नाही. आईने किती तऱ्हा केल्या! मुद्दाम तक्त्यासमोर उभी राहायची, डोळे मिचकावून विचारायची, "किती वाजता गं पोहायला? साडेएक ना?" लेक माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "वन थर्टी, आजी." विमानतळावर आईने तिला पोटाशी धरलं. "तू नको म्हणू, पण आजी साडेएकच म्हणणार हं. कुणी हसलं तरी." लेकीने खांदे उडवले.

पाच वर्षांनी एका रविवारी साताऱ्याहून दादाचा फोन आला. आईचं काहीतरी बिघडत चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. ती बाबांना जेवायला हाका मारायची, आणि बाबा जाऊन कैक वर्षं झालेली. दादा म्हणाला, "काल डॉक्टरांनी विचारलं, आजी, आत्ता किती वाजले? समोर एवढं मोठं घड्याळ. तर म्हणते, साडेएक. पुन्हा विचारलं, पुन्हा साडेएक. घरीही केव्हाही विचारा, तेच चालतं तिचं. वेळेचं भान नाही, असं लिहिलं त्यांनी."

"अरे, पण तेव्हा वाजले किती होते?"

"दीड."

हाच प्रश्न मी वॉर्डात रोज विचारते. आज वार कोणता, आत्ता किती वाजले. उत्तर चुकलं की कागदावर खूण करते आणि पुढच्या खाटेकडे वळते. खुळी नव्हती रे माझी आई! निदान तेवढ्यापुरती तरी नव्हती. मी रडत रडत दादाला सगळं सांगितलं. "बरं, सांगतो डॉक्टरांना," तो म्हणाला, पण माझी समजूत काढतोय हे मला कळत होतं.

फोन ठेवून मी लेकीच्या खोलीत गेले. बारा वर्षांची घोडी, पलंगावर लोळत गाणी ऐकत होती. मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "आजी अजून साडेएकच म्हणते गं."

तिने एका कानातली वायर काढली.

"आई, वॉट्स साडेएक?"