वर्तुळाबाहेरचा फोटो

समुद्राकाठच्या बागेत फोटोमावशी सव्वीस वर्षं एकाच जागी उभी राहत आली. कठड्याच्या टोकाशी एक बसका दगड आहे, त्याच्या शेजारी. जागा तिच्या दादानं दाखवलेली. संध्याकाळचं ऊन तिथं बाजूनं येतं, चेहरा उजळतो आणि मागं लाटाही दिसतात. "फोटोत माणूस डोळ्यांत असतो," दादा म्हणायचा. "डोळे दिसले नाहीत, तर दोरीवर कपडे वाळत घातलेत म्हणायचं." मावशी रोज कॅमेरा कपाळाला लावायची, खाऱ्या वाऱ्यानं धुरकटलेली काच जुन्या सुती कापडानं पुसायची आणि हवी तशी लाट येईपर्यंत गिऱ्हाइकाला हलू द्यायची नाही.

अशा बाईला उभं कुठं राहायचं ते बागेच्या सुपरवायझरनं शिकवावं!

फिरणाऱ्यांना अडचण होते म्हणून त्यानं कठड्यासमोर पांढऱ्या रंगाचं वर्तुळ आखलं. फोटोवाल्यांनी त्यातच उभं राहायचं, पाय बाहेर पडला की परवान्याचा बिल्ला जमा. आणि आखलं केव्हा? भर दुपारी बारा वाजता! सूर्य डोक्यावर. मोबाइलवर एक फोटो काढून बघितला, बरा आला, झालं काम. संध्याकाळी तोच सूर्य समुद्रावर उतरतो आणि कठड्याला टेकलेल्या माणसाच्या बरोबर पाठीमागं येतो, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? मावशीनंच सांगितलं.

"साहेब, इथून तोंडं काळी येतात."

"बारा वाजता तर चांगली आली होती, मावशी."

"मग लोकांनाही बाराला बोलवा. छत्र्या घेऊन!"

पहिल्याच संध्याकाळी एक म्हातारं जोडपं आलं. लग्नाला पन्नास वर्षं झालेली, सकाळी गावी परत निघायचं होतं. वॉचमन शिट्टी तोंडात धरून शेजारीच उभा. मावशीनं साधा फोटो काढला, तर चेहरे काळे. फ्लॅश मारला, तर पिठात लोळल्यासारखे. फाटकाजवळच्या टपरीत तिची सून फोटो छापून द्यायची. ती म्हणाली, "आई, हे काय कोळशाच्या वखारीतून आले?" आजोबा मात्र "छान आहे हो" म्हणाले आणि फोटो जपून खिशात ठेवला. भलेपणानं म्हणाले, म्हणून जास्तच झोंबलं. देवानं फुकट उजेड दिला आणि यांनी त्याच्याकडं पाठ करायचा नियम काढला.

पंधरवड्यानं मोठे साहेब नव्या बाकांच्या उद्घाटनाला आले. चाकांच्या खुर्चीत त्यांची म्हातारी आई. सुपरवायझरनं मावशीलाच फोटोला बोलावलं आणि सगळ्यांना कठड्याशी उभं केलं.

सून कानाशी लागली, "काढा वर्तुळातूनच. कळू दे एकदा!"

मावशीलाही तेच वाटत होतं. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. साहेब काळे, सुपरवायझर काळा, फार बरं वाटलं. पण म्हातारीचा चेहराही पुसून गेला होता. तिनं काय कुणाचं घोडं मारलं होतं?

मावशी तडक दगडाजवळ गेली.

"मावशी, वर्तुळ!" सुपरवायझर दबक्या आवाजात ओरडला.

"आजी, इकडं बघा. साहेब, खुर्ची थोडी वळवा. थांबा, लाट येऊ दे."

फोटो असा आला की म्हातारीच्या डोळ्यांतलं हसू मोजून घ्यावं. तो मोठा करून, काच लावून ऑफिसात टांगला.

आणि तिसऱ्या दिवशी मावशीला नोटीस! 'सदर छायाचित्रात उजव्या कोपऱ्यात वर्तुळ रिकामे दिसत आहे. सबब आपण वर्तुळाबाहेर होता हे सिद्ध होते. बिल्ला आठ दिवस जमा.'

ती ऑफिसात गेली. सुपरवायझर त्या फोटोखालीच बसला होता.

"नियम मोडून काढलेला फोटो भिंतीवर कसा?"

"मोठ्या साहेबांना आवडलाय."

"मग साहेबांची तोंडं उजेडात चालतात, त्या आजी-आजोबांची नव्हती चालत?"

त्यानं कागद चाळायला घेतले. मावशीनं बिल्ला टेबलावर आपटला आणि आठ दिवस घरी बसली. रागानं तिला जेवण गोड लागलं नाही.

नवव्या दिवशी बिल्ला परत मिळाला. छातीला लावून ती सरळ दगडाशेजारी जाऊन उभी राहिली. वॉचमननं शिट्टी वाजवली. सुपरवायझर धावत आला.

"मावशी, पुन्हा नोटीस द्यावी लागेल हं!"

"द्या की. पुराव्याला फोटो लागला तर सांगा, मीच काढून देते." तिनं काच पुसली आणि समोरच्या बाईला म्हणाली, "बाळाचं तोंड जरा उजेडाकडं करा. हां, अस्सं."