तळटीप सरांची लाल शाई

त्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या खोलीत जे झालं ते आठवलं, की आजही मी हातातलं काम विसरून जाते. चाळीस प्राध्यापक, एक पाहुण्या बाई, दाराशी मी, आणि समोर तळटीप सर, हातात उघडं पुस्तक घेऊन. माणूस उभ्या उभ्या एवढा लहान होऊ शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

आधी आमच्या जागेबद्दल सांगते, म्हणजे गोंधळ व्हायला नको. आमचं विद्यापीठ ख्रिस्ती, आणि मी तिथल्या ‘अध्यापक विकास केंद्रा’त कारकून. नाव भारदस्त, खोली एकच, आणि तिचंही खिडकीचं दार नीट लागत नाही. प्राध्यापकांनाही शिकावं लागतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि खुद्द प्राध्यापकांपैकी बऱ्याच जणांना मान्य नसतं. तरी दरवर्षी सत्र सुरू व्हायच्या आधी त्यांची आठवडाभर कार्यशाळा होते. शिवाय दोन दिवसांच्या प्रवासावर आमचं भगिनी विद्यापीठ आहे. आमचा एक शिक्षक सहा महिने तिकडे जातो, त्यांचा एक इकडे येतो. तिकिटं, सह्या, जेवणाचे डबे, प्रमाणपत्रं हे सगळं माझ्या गळ्यात. मागच्या रांगेत डुलक्या काढणाऱ्यांचीही हजेरी मीच लावते.

या सगळ्याचा कणा म्हणजे तळटीप सर. विषय इतिहास. कुणी काहीही बोललं की यांचा प्रश्न ठरलेला, “तळटीप कुठंय?” आज उकडतंय म्हटलं तरी संदर्भ विचारतील, असा माणूस. त्यावरून नाव पडलं आणि ते त्यांनी आनंदानं मिरवलं. शिंप्याचा मुलगा, वसतिगृहात वाढलेला, शिष्यवृत्तीवर शिकलेला. बायको लवकर गेली. घर थोरली बहीण सांभाळते, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का म्हणते, “याला आमटी खारट लागली, तरी आधी कोणत्या घासाला लागली ते सांगतो.”

नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण विद्यार्थ्यांवर जीव. स्वतःची पुस्तकं वाटून टाकायचा. मुलींच्या पहिल्या शाळांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक आमच्याकडं सगळ्यांनी वाचलंय, मीसुद्धा.

कार्यशाळेचा पहिला तास त्यांचाच. फादर प्रार्थना करून खाली बसले, की सर खिशातून दोन पेनं काढून दाखवायचे. “टिपणं काढताना दुसऱ्याचं वाक्य लाल शाईत, आपलं निळ्या. एवढं पाळलंत तर आयुष्यात चोरी होणार नाही.” मग मी सगळ्यांना कागद वाटायचे. त्यातला तिसरा कागद म्हणजे सरांच्या पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणाची सुरुवात, स्वच्छ लेखनाचा नमुना म्हणून. एकोणीस वर्षं त्या कागदाच्या प्रती मी काढल्या. सगळ्या प्राध्यापकांना तो तोंडपाठ. “शाळेची घंटा व्हायच्या आधी ती मुलगी फाटकाशी येऊन उभी राही. आत यायची तिला परवानगी नव्हती. घंटा ऐकायची होती.”

मागच्या सत्रात धाकट्या मॅडमचं प्रकरण झालं. धाकट्या मॅडम म्हणजे सरांचीच विद्यार्थिनी, त्यांनीच हाताला धरून आणलेली. भगिनी विद्यापीठात सहा महिने राहून आली आणि तिथल्या अभ्यासावर एक निबंध छापला. त्यात चार वाक्यं दुसऱ्याची निघाली, संदर्भ न देता. चौकशी समितीचे अध्यक्ष सर. मी इतिवृत्त लिहायला बसलेली. ती म्हणाली, “सर, वहीतून उतरवताना गल्लत झाली. मुद्दाम नाही केलं.”

सरांनी मान वरही केली नाही. म्हणाले, “ताई, लिहा. अनवधान ही सबब होऊ शकत नाही.”

मी लिहिलं, पण माझा कानांवर विश्वास बसेना. चार वाक्यांसाठी पोरीची नेमणूक गेली. पोटच्या पोरीसारखी वागवलेली, आणि निरोपाचा एक शब्द नाही! आठवडाभर मी सरांशी कामापुरतंच बोलले. मनात म्हटलं, एवढं विद्वान होऊन काळीज दगडाचं होणार असेल, तर आपली कारकुनीच बरी.

आणि मग या वर्षीची कार्यशाळा आली. भगिनी विद्यापीठाच्या पाहुण्या बाईंनी सरांसाठी भेट आणली होती. बाईंच्या दिवंगत गुरूंचा प्रबंध, इतकी वर्षं टंकलिखित पडून होता, तो त्यांच्या ग्रंथालयानं आता छापला होता. बाई हसून म्हणाल्या, “सर, तुम्ही तरुणपणी आमच्याकडं आला होतात ना, तेव्हा हा वाचायला घेतला होता. ग्रंथालयाच्या कार्डावर तुमची सही आहे अजून.”

सर खूश. म्हणाले, “आता याच पुस्तकावर दाखवतो टिपण कसं काढायचं ते.” मध्येच कुठंतरी उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. “शाळेची घंटा व्हायच्या आधी ती मुलगी फाटकाशी येऊन उभी राही...”

मला वाटलं, सर चुकून आपलंच पाठ म्हणतायत. पण डोळे पुस्तकात होते. “आत यायची तिला परवानगी नव्हती,” सर थांबले. आणि रसायनशास्त्राच्या एका बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “घंटा ऐकायची होती.”

सरांचा चेहरा आधी लाल झाला. “हे माझं आहे! माझं वाक्य यांनी...” म्हणत त्यांनी घाईघाईनं पानं मागं उलटली आणि प्रबंध लिहिल्याचं साल पाहिलं. सरांच्या पुस्तकाच्या अकरा वर्षं आधीचं. मग तो लाल रंग असा उतरला, की मी खुर्ची घेऊन पुढं धावले. सर बसले नाहीत. पुढं वाचत राहिले, मनातल्या मनात, ओठ हलत होते. दीड पान. शब्दाला शब्द. पाहुण्या बाई बिचाऱ्या “योगायोग असेल, दोघांचं मूळ साधन एकच असेल” असं काहीतरी पुटपुटत होत्या. सर म्हणाले, “असं साधन नाहीये. असतं तर मी तळटीप दिली असती.”

एवढं बोलून ते घरी गेले. कार्यशाळा तिथंच थांबली. मी मात्र त्या खुर्चीशीच खिळून राहिले. हा माणूस चोर? हा? हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं, तरी मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

दुपारी सर एक जुनी वही घेऊन आले आणि कुलगुरूंच्या टेबलावर ठेवली. माझ्यादेखत उघडली. त्या सहा महिन्यांची टिपणं. पानोपानी लाल, निळं, लाल, निळं, आखून घेतल्यासारखं नेटकं. मग एका पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, “लाल शाई संपली. उद्या आणणे.” तिथून पुढं अकरा दिवस सगळं निळं. दोन वर्षांनी घरी बसून पुस्तक लिहिताना सरांनी स्वतःचाच नियम लावला. निळं ते माझं.

कुलगुरूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाले, “अहो सर, ही तर निव्वळ नजरचूक! पुढच्या आवृत्तीत एक ओळ घाला, मिटला विषय. उगाच कशाला मनाला लावून घेता?”

मला हसावं की रडावं कळेना. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! चार वाक्यांना घरी बसवलं, आणि दीड पानाला एक ओळ?

सर माझ्याकडं वळले. “ताई, लिहा. अनवधान ही सबब होऊ शकत नाही.”

“मी नाही लिहिणार,” मी म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सरांना नाही म्हटलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. जो नियम तिला, तोच मला. तिला परत बोलवायचं नसेल, तर मलाही काढा. आणि तिला बोलावलंत, तरी समितीवर मी यापुढं बसणार नाही.

कुलगुरूंचे तीन दिवस तळ्यात-मळ्यात करण्यात गेले. चौथ्या दिवशी धाकट्या मॅडमच्या नेमणुकीचं पत्र निघालं. सर म्हणाले, “टपालानं नको, मी देतो.” तिचं घर मला ठाऊक होतं, म्हणून मीही निघाले. खरं सांगायचं तर सर तिच्या पाया पडतात की काय, ही भीती होती.

ती भावाकडं राहत होती. तिसरा मजला, अरुंद जिना. वहिनीनं दार उघडलं, पुढच्या खोलीतल्या शिकवणीच्या पोरांना आत पिटाळलं आणि आम्हाला बसवलं. सरांनी पत्र दिलं, छापील प्रबंध समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. वहीसुद्धा दाखवली.

तिनं प्रबंध उघडलाही नाही. म्हणाली, “माहीत होतं, सर.”

सरांना समजेना. मलाही.

“तिकडं होते ना सहा महिने. टंकलिखित प्रत वाचली होती मी. चौकशीच्या दिवशी त्या दीड पानाची प्रत माझ्या पिशवीत होती.”

“मग काढली का नाहीस?” सरांचा आवाज फाटला. “तोंडावर मारायची होतीस माझ्या!”

“तुम्हाला ठाऊक नाहीये, हे मला दिसत होतं. तुम्ही ढोंगी असता तर मारली असती.” तिनं समोरची वही मिटली. “आणि मला वाटलं, तुम्ही वही मागाल. माझ्या वहीत ती चार वाक्यं लाल शाईत होती, सर. उतरवताना चुकले मी, पण वहीत लाल होती. वही नुसती पाहिली असतीत तरी कळलं असतं. तुम्ही मागितलीच नाही.”

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाले, “कुठंय ती वही? आत्ता दाखव मला.”

ती सरांकडं पाहत नव्हती. माझ्याकडं पाहत होती. रागानं नाही, आणि तेच सोसवेना.

“तेव्हा ती ताईंकडं होती,” ती म्हणाली. “आत जायच्या आधी मी त्यांच्या टेबलावर ठेवली होती. म्हटलं होतं, सर मागतील तेव्हा द्या.”

सर वळले. खरं होतं ते. चौकशी चालली होती, तो सगळा वेळ वही माझ्या मांडीवर होती आणि तिच्यावरच कागद ठेवून मी इतिवृत्त लिहीत होते. कुणी मागितली नाही, म्हणून मी दिली नाही. संध्याकाळी तिची तिला परत केली, आणि वर पोहोच म्हणून सहीसुद्धा घेतली.