परातीचा रस्ता

आमच्या मामांइतका न्यायप्रिय माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि इतका न्याय देऊनही ज्याचं घरात कुणी ऐकत नाही असा माणूसही दुसरा नसेल. स्वतःची तारीख नसली तरी मामा एसटीनं मंगरूळपीरच्या कोर्टात जात, मागच्या बाकावर बसून परक्यांचे खटले ऐकत आणि बाहेरच्या टपरीवर न्यायाधीशाच्या आधी निकाल देऊन मोकळे होत. घरीही रोज कोर्ट भरे. एकदा मांजरानं दूध सांडलं, तर त्यांनी मला मांजराचा वकील नेमलं. "दोनी बाजू आयकल्याबिगर निकाल नाई," म्हणत माझा युक्तिवाद डोळे मिटून ऐकला आणि पुराव्याअभावी मांजराला निर्दोष सोडलं. मामीनं निकाल शांतपणे ऐकून घेतला आणि मांजराला झाडूनं वेशीपर्यंत पिटाळलं. त्या घरात निकाल मामांचा असे, अंमलबजावणी मामीची. शुगर निघाली तेव्हा मामांनी स्वतःविरुद्धच निकाल दिला, चहा बिनसाखरेचा. मामीनं त्याच संध्याकाळी साखरेच्या डब्याला कुलूप घातलं.

खरी कसोटी लागली ती शेताच्या रस्त्यावरून. रस्ता मामांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा, सामायिक. चुलतभावानं एक दिवस त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. मामा कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले आणि जिंकले. रस्ता दोघांचा, असा हुकूमनामा झाला. मामांनी तो पारावर मोठ्यानं वाचून दाखवला, पेढे वाटले आणि निवांत झाले. काट्या मात्र जागच्या जागी.

"कोर्टानं सांगतलं, आता काय रायलं?" मामा म्हणाले.

"मंग जा, काट्याइले वाचून दाखवा," मामी म्हणाली.

तिनंच त्यांना पुन्हा एसटीत बसवलं आणि अंमलबजावणीचा अर्ज करायला लावला. बेलीफ आला तोवर सोयाबीन वाळून शेंगा तडकायला लागल्या होत्या. थ्रेशर रस्त्याच्या तोंडाशी उभं होतं. त्या दिवशी ते आत गेलं नसतं, तर वर्षाचं पीक मातीत गेलं असतं.

बेलीफानं वॉरंटाची नक्कल लिंबाच्या झाडाला लावली आणि इकडंतिकडं पाहिलं. "डफडेवाला कुठी हाये? सामायिक ताबा डफडं वाजवून जाहीर करा लागते."

मामांनी घसा खाकरला. डफडेवाल्याला त्यांनी सांगितलं होतं. पण त्याच दिवशी त्याला रिसोडला लग्नाचं बोलावणं होतं. मामांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि लग्नवाल्यांनी आधी सांगितलं म्हणून निकाल त्यांच्या बाजूनं दिला!

चुलतभाऊ मिशीत हसला. बेलीफानं पिशवी उचलली. "मंग पुढची तारीख घ्या."

तेवढ्यात मजुरांच्या भाकरी घेऊन मामी आली. काय झालं ते तिनं ऐकलं, परातीतल्या भाकरी मामांच्या उपरण्यात ओतल्या आणि विळ्याच्या मुठीनं परात बडवायला सुरुवात केली. पाखरं उडाली, बैल बिथरले.

"बाई, हे तं परात हाये!"

"वाजून रायली ना?"

बेलीफानं क्षणभर विचार केला. "वाजून तं रायली."

मग परातीच्या ठेक्यावर मामांनी हुकूमनामा असा काही जाहीर केला की पलीकडच्या शिवारातली माणसं धावत आली. मजुरांनी काट्या ओढल्या आणि थ्रेशर धडधडत आत शिरलं. मामा दोन्ही हातांत भाकरी उंचावून त्याच्यापुढं चालत होते. मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. बांधावर चुलतभाऊ एकटाच उभा राहिला, तेव्हा मामीनं त्याच्याही हातात भाकर ठेवली. "रस्ता तुमचाबी हाये भावजी. जेवा." आता तोही त्याच रस्त्यानं जातो, आणि गाव त्याला परातीचा रस्ता म्हणतं.

मामी गेली त्याला वर्ष होईल. परवा गेलो, तर मामांनी स्वतः चहा केला. साखरेच्या डब्याचं कुलूप उघडंच लटकत होतं, किल्ली त्यातच. माझ्या कपात त्यांनी साखर घातली, स्वतःच्या नाही.

"घ्या की थोडी," मी म्हणालो. "आता कोण अडवतंय?"

मामांनी त्या कुलपाकडे पाहिलं.

"निकाल कायम हाये बाप्पा," ते म्हणाले. "अपील कोनापाशी करू आता?"