कापडवाल्यांचे वडील

मी चित्रकला शिकायला लागलो तेव्हा चामराजपेटेत माझ्यावर कुणी रागावलं नाही. रागावले असते तर परवडलं असतं. लोक समाचाराला यावं तसे घरी यायचे, आईजवळ बसून कॉफी प्यायचे आणि उठताना हळूच म्हणायचे, "असू दे. वय लहान आहे. सुधारेल." पन्नासचं दशक सरत आलं होतं. बेंगळुरात एकामागून एक कारखाने उघडत होते आणि ज्याला चार रेघा सरळ मारता येत त्याला नोकरी मिळत होती. मी मात्र रीतसर कॉलेजात जाऊन रेघा वाकड्या मारायला शिकत होतो.

आमच्यासारख्या इथल्या जुन्या मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणायचं आणि भांडण मराठीत सुरू करून कन्नडात संपवायचं, अशी रीत. आमचे अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि ते भांडतच नसत. ते प्रश्न विचारत. त्यांचा प्रश्न एकच: "पुढे काय?" तो भात कालवताना यायचा, म्हणजे मला उठून जाता येऊ नये.

"हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होईन," मी म्हणालो.

"म्हणजे गणिताचे मास्तर रजेवर गेले की त्यांच्या वर्गात बसून 'गप्प बसा' म्हणायचं."

"सिनेमाचे बोर्ड रंगवेन."

"भर उन्हात बांबूवर चढून. बरं. आणखी?"

"उदबत्तीच्या पुड्यांवरची चित्रं असतात. साड्यांच्या काठांची नक्षी असते. तीही कुणीतरी काढतंच ना?"

"हे बरं आहे," आई मध्येच म्हणाली. तिला बहुधा माझं भविष्य न दिसता एखादी साडी दिसली असावी.

अण्णांच्या मनात मात्र ट्रेसरची नोकरी होती. इंजिनिअरने काढलेल्या आराखड्यावर पातळ कागद ठेवून तोच आराखडा शाईने गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. विमानांच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ वरच्या जागेवर होते आणि ते शब्द टाकायला तयार होते. "चित्रच की ते," अण्णा म्हणायचे. "शिवाय बस दाराशी येते."

आमचं कॉलेज एका जुन्या बंगल्यात भरायचं. तिथे मॉडेल म्हणून एक म्हातारे गृहस्थ येत. ते बसल्या बसल्या झोपत, त्यामुळे आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या चित्रांत माना खाली घातलेले विचारवंत दिसायचे. दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं, घरच्या माणसाला समोर बसवून चेहरा काढून आणा. मी मोठ्या उत्साहाने अण्णांना विचारलं.

विचारायला नको होतं. आमच्या पुढच्या खोलीतल्या भिंतीवर पणजोबा, आजोबा आणि एक चुलत आजोबा चंदनाचे हार घालून बसलेले होते. त्या भिंतीवर जायचं तर आधी देवाघरी जायचं, असा आमच्याकडचा नियम. जिवंत माणसाचं चित्र काढलं की त्याचं आयुष्य घटतं, ही अण्णांची पक्की समजूत होती. साधा फोटोसुद्धा त्यांनी कधी काढू दिला नव्हता. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझी एवढी काय घाई आहे तुला?" ते म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत गेले. आईनेही नकार दिला. शेवटी गवळ्याच्या म्हशीने मला बैठक दिली. तिच्या घराण्यात असले नियम नव्हते. सरांनी चित्राला बरे मार्क दिले, फक्त हे घरचं माणूस नेमकं कोण, असं तेवढं विचारलं.

अशात आमच्या पलीकडच्या रस्त्यावरचे कापड दुकानदार एका संध्याकाळी घरी आले. अण्णांचे ते जुने स्नेही. त्यांनी नवं घर बांधलं होतं, महिन्याभरात वास्तुशांत होती आणि नव्या दिवाणखान्यात त्यांना वडिलांची तसबीर हवी होती. अडचण एवढीच की वडील जाऊन तीसेक वर्षं झाली होती आणि त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटोच्या बाबतीत ते वडीलही अण्णांच्याच मताचे होते.

"आम्ही सांगू तसं तुमच्या मुलाने काढायचं," कापडवाले म्हणाले. "आम्हाला सगळं आठवतंय."

अण्णांनी थोडा विचार केला. पाहुणे गेल्यावर ते मला म्हणाले, "त्यांच्या घरचे म्हणाले की हेच आमचे वडील, तर तुझा कोर्स संपेपर्यंत मी 'पुढे काय' विचारणार नाही. नाही म्हणाले, तर पहिल्या तारखेपासून कारखाना. सरी?"

"सरी," मी म्हणालो. ठीक आहे, याखेरीज दुसरं काय म्हणणार?

मग सुरू झाली ती आठवणींची लूट. मी वही घेऊन कापडवाल्यांकडे जायचो आणि सगळं घर माझ्याभोवती बसायचं. कापडवाल्यांच्या थोरल्या भावाच्या मते वडिलांचं नाक सरळ होतं. धाकट्याच्या मते ते पोपटासारखं होतं. थोरल्याने त्यावर धाकट्याच्या नाकाबद्दल काही सांगितलं. जावई एकदाच भेटले होते, पण सगळ्यांत ठामपणे तेच बोलायचे. "मिशी स्वल्प अजून जाड," म्हणून एक आतेभाऊ रोज मिशी वाढवायचे. एकमत फक्त डोक्याला बांधायच्या जरीच्या रुमालावर आणि बंद गळ्याच्या कोटावर झालं, कारण ते दोन्ही अजून ट्रंकेत होते. आतल्या दाराशी घरातली म्हातारी आई, म्हणजे त्या गृहस्थांची बायको, तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

मी कॉलेजात बसून रंगवायला घेतलं. रुमाल झकास उतरला. कोटाची बटणं तर काढून खिशात टाकावीत अशी झाली. मिशी आतेभावांच्या इच्छेप्रमाणे भरघोस. चेहऱ्याची जागा मात्र कितीतरी दिवस कोरी राहिली. दोन नाकं आणि चार हनुवट्या यांतून माणूस कसा काढायचा, हे आम्हाला शिकवलेलं नव्हतं. मग एके दिवशी वैतागून मी वही मिटली आणि हात जाईल तसा जाऊ दिला. दुपारपर्यंत चेहरा झाला. सर मागे येऊन बराच वेळ उभे राहिले. "चन्नागिदे," ते म्हणाले. एवढी स्तुती मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. छान आहे, बास. मी स्वतःवर इतका खूश झालो की नीट बघायचंही राहिलं.

चित्र परस्पर कापडवाल्यांकडे गेलं. वास्तुशांतीच्या दिवशी ते पांढऱ्या कापडाखाली झाकून दिवाणखान्यात टांगलेलं होतं. पूजा आटोपली, माणसं जमली आणि थोरल्याने कापड ओढलं. डोळ्यांसमोर मला ट्रेसरचं टेबल दिसत होतं.

"अय्यो! अप्पाच!" धाकटा म्हणाला.

"नाक बघा, सरळ आहे की नाही?" थोरला म्हणाला. आतेभाऊ मिशीकडे पाहून डोळे पुसत होते. जावयांनी आपण सांगितलेलं सगळं चित्रात असल्याचं चारचौघांना सांगितलं. मी जिंकलो होतो. आणखी दोन वर्षं मला वाकड्या रेघा मारायला मोकळीक होती.

तेवढ्यात कापडवाल्यांनी चंदनाचा हार अण्णांच्या हातात दिला. "तुमच्या मुलाने आमचे वडील परत आणले. हार तुम्हीच घाला."

अण्णा हार घेऊन पुढे झाले, चित्रासमोर उभे राहिले आणि थांबले. मी बाजूला होतो, त्यामुळे मला दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसत होते. रुमाल आणि मिशी सोडली तर भिंतीवर अण्णाच होते. त्यांचे डोळे, त्यांचे ओठ, काही न बोलता बोलणारी त्यांची हनुवटी. जमलेल्यांना ते दिसत नव्हतं, कारण ते सगळे रुमाल आणि मिशीच पाहत होते. अण्णांना मात्र दिसलं. रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहिलेला चेहरा माणूस कसा विसरेल?

त्यांनी तोंडातून एक शब्द काढला असता तर माझा सगळा डाव संपला असता. सगळ्या चामराजपेटेने वर्षभर हसून घेतलं असतं आणि मी कारखान्याच्या बसमध्ये बसलो असतो. शिवाय हातात हार होता, आणि आपल्याच तसबिरीला तो घालणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं मनापासून मानणारा दुसरा माणूस त्या दिवाणखान्यात नव्हता.

अण्णांनी टाचा उंचावल्या आणि स्वतःला हार घातला. मग हात जोडून नमस्कार केला. मला त्यांची इतकी माया दाटून आली की मी खाली जमिनीकडे बघत राहिलो.

ते मागे वळले तेव्हा घरातली म्हातारी आई काठी टेकत चित्रापाशी आली होती. तिने मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग ती अण्णांना हळूच म्हणाली, "हे नव्हेत ते. आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाची काळजी केली नाही, ती सगळी माझ्याकडे होती. ह्या बिचाऱ्याला बघ, पोराबाळांच्या काळजीने कपाळाला कशी आठी पडली आहे." अण्णांनी तिला आधाराला हात दिला. "असू दे," ती म्हणाली. "मुलांना आवडलंय. आणि हा माणूस स्वभावाने बरा दिसतो." मग ती जेवणाच्या पानांकडे वळली.

आम्ही दोघे चालत घरी निघालो. एरवी अण्णा पुढे आणि मी मागे असा आमचा क्रम. त्या दिवशी ते माझ्या बरोबरीने चालत होते.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

"नाही."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "ही आठी खरंच आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"मी कॉलेजात गेल्यापासून."

यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. बाजारातून परतणाऱ्या एका बैलगाडीला वाट देण्यासाठी आम्ही कडेला उभे राहिलो. गाडी गेली तरी अण्णा तिथेच उभे होते.

"मी तर तुझ्यासमोर कधी बसलो नाही," ते म्हणाले. "मग एवढं बघितलंस कधी?"

मला उगीचच लाज वाटली. "रोज. सकाळी तुम्ही पेपर वाचता तेव्हा."

त्यांनी मान हलवली. घराच्या पायरीवर चपला काढताना ते म्हणाले, "कारखान्यातल्या त्या गृहस्थांना उद्या नको म्हणून कळवतो." आणि आत जाऊन आईला जेवणात काय काय होतं ते सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन बाहेर आलो तेव्हा अण्णा नेहमीच्या जागी पेपर वाचत होते. पेपर त्यांनी रोजच्यापेक्षा बराच खाली धरला होता.