किल्ल्यातल्या घरी सासूबाई

जर्मनीत, झिंडेलफिंगेनला आमच्याकडे भारतातून कुणीही आलं, की नवरा त्यांना जवळच्या एखाद्या जुन्या तटबंदीच्या गावात घेऊन जातो. तिथल्या लाकडी चौकटींच्या घरांसमोर उभा राहून, खिडकीतल्या कुंड्यांकडे बोट दाखवत दर वेळी तेच म्हणतो, "चारशे वर्षांचं घर, आणि लोक अजून राहतायत! याला म्हणतात वारसा जपणं." पाहुणे माना डोलावतात. मी जांभई दाबत उभी असते.

हाच माणूस गेल्या डिसेंबरात जैसलमेरच्या किल्ल्यात शिरला आणि त्याचा सूरच पालटला.

सोबत सासूबाई होत्या. साताऱ्याच्या घरात त्या एकट्या राहतात. ते घर विकून त्यांना पुण्याच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, हे नवऱ्यानं आमच्या जर्मनीतल्या स्वयंपाकघरात बसून परस्पर ठरवलं होतं. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, 'सीनियर लिव्हिंग' म्हणायचं. सासूबाई हो म्हणत नव्हत्या, म्हणून ही सहल. वाळवंट दाखवलं, उंटावर बसवलं की आई विरघळेल, असा या मुत्सद्द्याचा अंदाज.

किल्ल्यात आजही लोक राहतात. अरुंद गल्ल्या, गच्चीवरून लोंबणाऱ्या साड्या, मधोमध गाय, एका उंबऱ्यावर टाकलेलं शाळेचं दप्तर. मला बरं वाटलं. नवऱ्याला शिसारी आली. "आल्झो, म्हणजे बघ, या लोकांना आधी इथून बाहेर काढायला हवं," तो म्हणाला. "यांच्या सांडपाण्यानं पाया खचतोय. आपल्याकडे डेंकमालशुट्झवाले, म्हणजे वारसा जपणारं सरकारी खातं, जुन्या घराला साधी खिडकी बदलू देत नाहीत." आपल्याकडे म्हणजे जर्मनीत. गाड्यांचे दरवाजे डिझाइन करणारा माणूस किल्ल्याच्या पायावर बोलत होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड धरला. "अगं, मला जायचंय. लगेच."

त्यांना मधुमेह आहे. चढण उतरून हॉटेलवर जाणं शक्यच नव्हतं. नवरा फोनवर स्वच्छतागृह शोधायला लागला. फोन इकडे फिरवला, तिकडे फिरवला, चार पावलं पुढे गेला, परत आला. सासूबाईंचे डोळे भरून आले. एवढ्या वयात, परक्या गावात, भर रस्त्यात फजिती होणार या भीतीनं त्यांनी माझा दंड आणखी घट्ट धरला. मी समोरच्या दारात डाळ निवडत बसलेल्या साठीतल्या बाईला विचारलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना आत नेलं.

नंतर तिनं त्यांना खाटेवर बसवलं, आम्हा सगळ्यांना चहा दिला. आता तरी नवऱ्यानं गप्प बसावं की नाही? छे! कप हातात येताच त्यानं सुरू केलं, "आप लोग नीचे फ्लॅट में क्यों नहीं जाते? लिफ्ट, पार्किंग, सब मिलेगा. इस उमर में इतना चढना-उतरना..." जिच्या संडासानं आत्ता त्याच्या आईची अब्रू राखली, तिलाच हा घर सोडायला सांगत होता, आणि वर तिचाच चहा पीत होता. मला त्याची लाज वाटली. असल्या माणसाशी हौसेनं लग्न केलं, म्हणून स्वतःचीही वाटली.

बाई नुसती हसली. सासूबाईंकडे वळून तिनं विचारलं, "माँजी, आपका घर कहाँ है?"

"अभी सातारा में है," उत्तर नवऱ्यानंच दिलं, "लेकिन अगले महीने से हम इनको..."

सासूबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. पदरानं तोंड पुसलं.

"सातारा में," त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या. "दो खोली है, पीछे आंगन है. आप आना. कब भी आना, मैं उधरच मिलेगी. मरेगी तब तक उधरच."

आमंत्रण त्या बाईला होतं. बघत मात्र होत्या स्वतःच्या मुलाकडे.