आत्यांचं रोजचं ऊन

सोलापुरात उन्हाच्या खालोखाल कुणाचा दरारा असेल, तर तो माझ्या बायकोच्या थोरल्या आत्यांचा. मी जावई आहे म्हणून बिचकून बोलतोय असं वाटत असेल, तर चाटी गल्लीत जाऊन कुणालाही विचारा. आत्यांनी लग्न केलं नाही, दुकान केलं. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल आणि परकर यांचं मॅचिंग सेंटर. बाईनं पिशवीतून साडी अर्धी बाहेर काढेपर्यंत आत्यांचा हात मागच्या मांडणीत बरोबर त्या ठिकाणी गेलेला असे. अबोली, अंजिरी, आमसुली, गुलबक्षी, चिंतामणी ही नावं त्या आपल्या घरातल्या लेकी-सुनांची घ्यावीत तशी घेत, आणि गिऱ्हाईक बघून ती कानडीत किंवा तेलुगूतही सांगत. एकदा कुंभारीहून एक बाई साडी घरीच विसरून आली. आता परत कुठे जाऊ म्हणून ती रडकुंडीला आली. आत्या म्हणाल्या, "रडू नको गं. कशागत हाय तेवढं सांग." बाई बराच वेळ विचार करून म्हणाली, "आमसुलाचं सार उरतंय बघा, ते दुसऱ्या दिवशी दिसतंय तसं." आत्यांनी एक तागा काढला, पायरीवर उन्हात धरून बघितला, पीस फाडला आणि तिला वाटेला लावलं. पुढच्या बाजाराला ती बाई साडी घेऊन मुद्दाम दाखवायला आली. पीस त्या साडीतूनच कापून काढल्यासारखा होता. गल्ली थक्क झाली, आत्या मात्र तिला म्हणाल्या, "सार उरवत जाऊ नको, आंबतंय."

त्यांच्या दुकानाचा एकच कायदा होता. कापड पायरीवर नेऊन उन्हात धरल्याशिवाय विकायचं नाही. "ट्यूब खोटं बोलती ओ. ऊन खोटं बोलत न्हाय." मग मे महिना असो, अंगाची लाही होत असो, गिऱ्हाइकानं डोक्यावर पदर घेऊन पायरीवर यायचं, साडीवर पीस ठेवायचा आणि आत्यांनी मान हलवेपर्यंत उभं राहायचं. कलेक्टरीणबाई आल्या तरी त्यांनाही पायरी चुकली नाही. आणि अलीकडच्या मुली येऊन 'कॉन्ट्रास्ट ब्लाउज' मागू लागल्या, की आत्यांच्या कपाळाची शीर उडे. हिरव्या साडीवर राणी रंगाचा ब्लाउज मागणाऱ्या एका कॉलेजकन्येला त्यांनी भर दुकानात विचारलं होतं, "आईला सांगून आलीयास का?" कॉन्ट्रास्ट म्हणजे ज्याला रंग जुळवता येत नाही त्यानं शोधून काढलेली पळवाट, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशा बाईचे डोळे गेले. अगदी पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेची नजर राहील. म्हणजे ज्या गोष्टीकडे सरळ बघावं तीच नेमकी नाहीशी होते आणि जिच्याकडे बघायचं नाही ती दिसते. दुसरं कुणी असतं तर अंथरूण धरलं असतं. आत्यांनी बघण्याची पद्धतच बदलली. आता माझा चेहरा बघायचा झाला की त्या माझ्या उजव्या कानाकडे बघतात. सवय नसलेला माणूस पार गडबडून जातो. सुरतेहून आलेला अस्तराचा नवा एजंट बोलता बोलता कान पुसत होता, मग त्यानं रुमाल काढला, मग बोळाच घातला. तो गेल्यावर आत्यांनी मला विचारलं, "त्याच्या कानाला काय झालतं ओ?"

वाचायला येईना तेव्हा मी त्यांना पडदा मोठा करून दाखवणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घालून दिलं. माऊस जिथे नेला तिथला तुकडा पडद्यावर पापडाएवढा होतो. एका वेळी दोन-तीन अक्षरं मावतात. पुढची बघायची तर पान सरकवत न्यायचं. शिवाय उजेड डोळ्यांत खुपू नये म्हणून रंग उलटे करण्याची सोय आहे, काळ्यावर पांढरं. आत्यांनी ही सोय एकदा चालू केली ती केलीच. तेव्हापासून नातेवाइकांचे सगळे फोटो त्या उलट्या रंगात बघतात. आमच्या एका चुलतभावाचं लग्न जेऊरला ठरत होतं, तेव्हा मुलीचा फोटो बघून घरातल्या सगळ्यांनी काही ना काही खोड काढली. आत्यांच्या पडद्यावर त्या मुलीचे केस पांढरे, दात काळे आणि तोंड निळं होतं. त्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत तुकड्या-तुकड्यानं तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पोरगी हसऱ्या तोंडाची हाय. करून टाका." पुढे तसंच निघालं. अख्ख्या घराला न दिसलेलं एवढ्याशा फटीतून यांना कसं दिसतं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पण इंटरनेटवर आत्यांची खरी लढाई जुंपली ती फिक्या अक्षरांशी. हल्ली वेबसाइट बनवणाऱ्या मंडळींना फिक्या रंगांची भारी हौस आहे. पांढऱ्यावर करडं, सायीच्या रंगावर गुलाबी, आकाशीवर जरा जास्त आकाशी. आत्या माऊस सरकवत सरकवत त्या पानावर पोचतात, मान तिरकी करतात आणि निकाल देतात, "काणंगिल्ला!" म्हणजे कानडीत, दिसत नाही. मी सुरुवातीला शहाणपणानं म्हणालो होतो, "आत्या, आणखी मोठं करून बघा की." त्यावर त्या माझ्या कानाकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, फिकं मोठं केलं तर मोठं फिकं होतंय. ठळक कसं हुईल?" रंग तर उलटे केलेलेच आहेत की, म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर काळ्यावर काळं हुतंय." एका प्रवास कंपनीच्या पानावर तर तिकिटाचं बटणच सापडेना. आत्यांनी फोन लावून विचारलं, "तुमचं बटण कुटं हाय?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, उजवीकडे खाली, ग्रे कलरमध्ये." "कशावर ग्रे?" "व्हाइटवर, मॅडम." "मग ते बटण न्हवं बाळ, धुकं हाय." पण फोन ठेवताना त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. तिकीट शेवटी मी काढून दिलं आणि आत्यांनी ते पिशवीत टाकलं. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं त्यांना औषधासारखं कडू लागतं.

यातच माझ्या मेहुण्यानं दुकान ऑनलाइन न्यायचं ठरवलं. मेहुणा म्हणजे आत्यांचा भाचा, आता दुकान तोच बघतो. माणूस सोन्यासारखा, आत्यांवर जीव टाकणारा, पण त्यामुळेच जरा काळजीखोर. डोळे गेल्यावर एकदा आत्यांनी मोतिया रंगाच्या साडीवर बदामी पीस दिला होता आणि ती बाई परत आली होती. आत्यांच्या उभ्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. मेहुणा त्यांना काहीच बोलला नाही, पण मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, लोक हसायच्या आत त्यांनी मानानं घरी बसलेलं बरं." मग त्यानंच मधला मार्ग काढला. ऑर्डरी पानावर येतील. आत्यांना त्या स्वतःच्या स्वतः वाचता आल्या तर गल्ला त्यांचा, नाही तर घरी आराम. आत्या "बरं" म्हणाल्या, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत असं बायकोनं मला सांगितलं.

पान तयार करायला पुण्याचा एक तरुण डिझायनर आला. वागायला नम्र, कामात हुशार. दुकान मॅचिंगचं म्हणून त्यानं पानही मॅचिंगचं केलं होतं. मागे मोतिया, वर अक्षरं बदामी, बटणं अबोली. खरं सांगतो, बघून मी खूश झालो. मेहुणाही खूश झाला. गल्ल्यावर बसून आत्यांनी पान उघडलं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात माऊस नेला, परत आणला, पुन्हा नेला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्या 'काणंगिल्ला' म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो, पण त्या तेही म्हणाल्या नाहीत. बदामी आणि मोतिया! ज्या दोन रंगांनी त्यांना एकदा खाली बघायला लावलं होतं, तेच पुन्हा समोर येऊन बसले होते. मेहुण्यानं नजर खाली वळवली. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

मग आत्या उठल्या. डिझायनरच्या कानाकडे बघत म्हणाल्या, "बाळ, माल चांगला हाय. पण आमच्या दुकानाची एक रीत हाय. पायरीवर चल." तो बिचारा फोनवर तेच पान उघडून त्यांच्या मागोमाग गेला. आम्हीही गेलो. गिऱ्हाइकं सवयीनं डोक्यावर पदर घेऊन आधीच पायरीवर पोचली होती. भर दुपार, चैत्रातलं सोलापूरचं ऊन. "धर उन्हात," आत्या म्हणाल्या. त्यानं फोन धरला आणि सगळ्या माना त्यावर वाकल्या. पानावर काहीच नव्हतं. मोतिया कोरं फडकं. त्यानं पडद्याचा उजेड वाढवला, हाताची सावली केली, अक्षरं मोठी केली. एक म्हातारी गिऱ्हाईक म्हणाली, "कोरंच हाय की ओ हे." डिझायनर डोळे बारीक करून बघत राहिला. त्याची मान आपोआप तिरकी झाली, थेट आत्यांसारखी.

आत्या हळूच म्हणाल्या, "तुमाला आत गेल्यावर दिसंल. माझं हे रोजचं ऊन हाय बाळ. मी आत बसले तरी उन्हातच असती."

मला आठवतंय, मेहुण्यानं वाकून आत्यांचा हात धरला आणि "चला आत, लई तापलंय" एवढंच म्हणाला. डिझायनर आत आला, आत्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगा, मी करतो." मग जे चाललं ते बघायला अर्धी गल्ली जमली. आत्या एकेका रंगावर दुसरा रंग घालायला लावत होत्या, मान तिरकी करत होत्या आणि "हे दोघं लई गळ्यात गळे घालून बसलेत, लांब करा" असं सांगत होत्या. रंग एकमेकांना किती जवळचे हे जिनं जन्मभर पाहिलं, तिला ते एकमेकांपासून किती लांब न्यायचे हे कुणी शिकवावं लागलंच नाही. बटण आणि ते कशाचं हे सांगणारी ओळही त्यांनी शेजारी शेजारी बसवून घेतली, कारण त्या म्हणाल्या, "माझ्या फटीत नवरा दिसतो तेव्हा नवरी दिसत न्हाय." शेवटी गर्द वांगी रंगावर हळदीची पिवळी अक्षरं ठरली; मागे गर्द असल्यानं या पानावर त्यांना रंग उलटे करायचीही गरज उरली नाही. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आत्या, हा तर कॉन्ट्रास्ट झाला." आत्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. "अंगावर घालायचा न्हाय ओ," त्या म्हणाल्या, "वाचायचा हाय."

आता आत्या रोज गल्ल्यावर असतात. ऑर्डर वाचायला त्यांना वेळ लागतो, पण वाचतात त्याच. कापडाचे रंग मात्र दिवसेंदिवस त्यांच्या हातून निसटत चाललेत. वांगी आणि अंजिरी आता त्यांना सारखेच दिसतात. त्या बोलत नाहीत, पण मला कळतं. परवा मी सहज गेलो होतो तेव्हा केम गावाहून एक ऑर्डर आली, चिंतामणी रंगाचा ब्लाउज पीस. आत्यांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली, उठल्या, मांडणीकडे गेल्या आणि हात घालून एक तागा काढला. पायरीवर आल्या, उन्हात धरला, मान इकडून तिकडून तिरकी करून बघितला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हाच की?"

इतक्या वर्षांत आत्यांनी रंग कुणाला विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. चिंतामणी म्हणजे नेमका कोणता रंग हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. मी म्हणालो, "हाच." तो हात जिथे गेला होता तिथे दुसरा रंग असणं मला शक्यच वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तेव्हा केमच्या बाईचं उत्तर आलेलं होतं. आत्या माऊस सरकवत एकेक तुकडा मोठ्यानं वाचत होत्या, "अग... दी... तो... च..." शेवटच्या शब्दावर येऊन त्या थांबल्या आणि माऊसवरचा हात काढून घेतला. पडदाभर 'रंग' एवढा एकच शब्द उरला होता, वांग्यावर हळद. मी बाहेर पायरीवर उभा होतो, डोक्यावर ऊन रणरणत होतं, आणि तिथूनही तो मला स्वच्छ वाचता येत होता.