डावीकडचे बाक

नजरेचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम विद्यापीठातून आमच्या कॉलेजात आल्या, तेव्हा मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या चष्म्याचं कुतूहल जास्त. त्याच्या चौकटीत इवलेसे कॅमेरे होते. घालणारा जिथं पाहील, तिथं नंतर लॅपटॉपवर लाल ठिपका दिसतो म्हणे. माझ्या भौतिकशास्त्राच्या तासाला पोरं फळ्याकडं पाहतात की खिडकीबाहेर, हे कोडं मला वीस वर्षं छळत होतं.

पहिल्या दिवशी चष्मा एका मुलाला घातला. ठिपका फळ्यावर आला, माझ्या खडूनं माखलेल्या बाहीवर रेंगाळला, शेजाऱ्याच्या वहीत डोकावून परत फळ्यावर. खिडकीत गेला तो एकदाच. मी जाम खूश!

"आता तुमीच घालून पाहा ना सर," मॅडम म्हणाल्या. बोलणं इतकं इकडचं, की कुठल्या म्हणून विचारायचंही सुचलं नाही.

"घालतो की. माझं लक्ष अख्ख्या वर्गावर असतं," मी बढाई मारली.

तास झाल्यावर रिकाम्या वर्गात आम्ही चित्रण पाहिलं. ठिपका उजवीकडच्या मुलांवर, फळ्यावर, दारावर. डावीकडं मुली बसतात. तिकडं तो एकदाही गेला नाही. यंत्र बिघडलंय, असं मी ठासून सांगितलं. मग आठवलं. नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी बजावलं होतं, "गाव लहान आहे. पोरींच्या बाजूला पाहू नका, लोक बोलतात." मी ते इमानेइतबारे पाळलं, आणि पुढं त्याचा विसरही पडला.

"तिसरा बाक माहा होता सर," मॅडम हळूच म्हणाल्या. "वरवट बकालहून येत होती मी. तीन वर्सं."

मी तिला ओळखलंच नव्हतं. ओळखणार तरी कसा?

"पयले रोज हात वर करत होती. मंग सोडून देल्लं. मले वाटे, माहा प्रश्नच फालतू असंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कोणता प्रश्न?"

"आरशात डावं-उजवं उलटं दिसते, तर वरचं-खालचं काऊन नाही होत?"

इतका सुंदर प्रश्न त्या वर्गात मला कुणी विचारला नव्हता. सवयीनं खडू उचलून मी फळ्याकडं वळलो. मग खडू खाली ठेवला आणि तिच्याकडं पाहत उत्तर सांगायला लागलो.